हॅरी किमला शेवटपर्यंत बढती का नाही?

शुक्रतारा:
'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या, व्हॉयेजर नावाच्या अंतराळजहाजावरच्या मालिकेचे सातही सीझन पाहून झाले. (पुढे स्पॉयलर आहेत.) त्यातल्या हॅरी किमचं फार मनाला लागलंय. १९९५च्या पहिल्या भागात एन्साइन (सगळ्यात कनिष्ठ अधिकारी), २००१च्या शेवटच्या भागातही एन्साइनच. टॉम पॅरिसची पदावनती होते, पण पुढे त्याला लेफ्टनंटपद परतही मिळतं. हॅरीने कुणाचं घोडं मारलं होतं?

आणि 'डेडलॉक' आठवतो का? त्यात मूळ हॅरी मरतो आणि जुळ्या व्हॉयेजरवरचा हॅरी त्याच्या जागी येतो. त्याचं स्वतःचं जहाज, त्याची कॅप्टन, सगळे सोबती नष्ट झालेत. घरी पोचल्यावर आईवडिलांना तो काय सांगणार? यावर अख्खा भाग लिहावा असं कुणालाच वाटलं नाही?

ध्रुवमत्स्य:
जागेचा फरक आहे. 'डीप स्पेस नाइन' ही 'स्टार ट्रेक'चीच दुसरी मालिका एका अंतराळस्थानकावर घडते, त्यामुळे क्वार्कचा बार, गॅरकचं शिंप्याचं दुकान, तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसतात. व्हॉयेजर सतत पुढे जातं, मग वेळ पाहुण्या पात्रांतच जातो, हॅरीसारख्यांसाठी उरत नाही.

रानपाखरू:
ध्रुवमत्स्य, नाही पटलं. व्हॉयेजर घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर अडकलंय, आत दीडशेच्या आसपास माणसं. एकमेकांशिवाय त्यांना आहे कोण? इथे तर प्रत्येक चेहरा ओळखीचा व्हायला हवा होता.

खरी गोष्ट अशी की दुय्यम पात्राच्या आयुष्यात काही घडलं, तर ते पुढच्या भागातही घडलेलं राहायला हवं. 'डीप स्पेस नाइन'मधला नॉग बघा, फेरेंगी या परग्रहवासी जमातीतला पोरगा. सुरुवातीला त्याला वाचताही येत नाही, स्थानकाचा प्रमुख सिस्को याचा मुलगा जेक शिकवतो. तिसऱ्या सीझनमध्ये तो सिस्कोला कळवळून सांगतो, माझे बाबा यंत्रांतले जादूगार आहेत पण संधीच मिळाली नाही, मला तसं जगायचं नाही. तो स्टारफ्लीट या अंतराळदलातला पहिला फेरेंगी होतो. सातव्या सीझनमध्ये लढाईत त्याचा पाय जातो. कृत्रिम पाय मिळतो, पण विषय तिथे संपत नाही. एका भागाच्या अंतराने 'इट्स ओन्ली अ पेपर मून' येतो आणि तो जवळजवळ पूर्ण नॉग आणि गायक व्हिक फॉन्टेन या दोघांचाच आहे. दोघांचीही नावं मुख्य श्रेयनामावलीत नाहीत! आपणही मरू शकतो, हे त्या पोराला पहिल्यांदा कळलंय आणि होलोस्वीटमधून (आभासी जग उभं करणाऱ्या खोलीतून) बाहेर यायची त्याला भीती वाटते. नॉग साकारणाऱ्या ॲरन आयझेनबर्गने ते काय ताकदीनं केलंय! मी तो भाग सलग पाहू शकत नाही, मध्ये थांबावं लागतं.

शेवटच्या भागात नॉग लेफ्टनंट होतो. हॅरीच्या आधी.

शुक्रतारा:
हे वाचून आणखीच वाईट वाटलं. 'पेपर मून' नुसता पाहिला तर चालेल?

रानपाखरू:
नका. निदान 'हार्ट ऑफ स्टोन' आणि 'द सीज ऑफ एआर-५५८' आधी पाहा. आणि वाटेत डमार नावाचा कार्डेशियन (ही आणखी एक परग्रहवासी जमात) दिसेल. चौथ्या सीझनमध्ये तो नुसता हुकूम पाळताना दिसतो, त्याच्याकडे लक्षही जाणार नाही. तरी त्याचा चेहरा लक्षात ठेवा.