पुन्हा घेतलेला विषय आणि जुनी श्रेणी

विषय पुन्हा घेतला की जुना ‘सी’ पुसला जातो, हा समज अमेरिकेतील एमडी (वैद्यकीय पदवी) प्रवेशांना लागू होत नाही. महाविद्यालयाने गुणपत्रकात काहीही दाखवले तरी एएमसीएएस (तिथल्या बहुतेक एमडी महाविद्यालयांची सामाईक अर्ज सेवा) दोन्ही श्रेणी धरूनच जीपीए (श्रेणींची ४ पैकी सरासरी) काढते. पहिली ३० क्रेडिट्स २.५ ने आणि पुढची ९० क्रेडिट्स ३.८ ने पूर्ण केली, तरी एकूण सरासरी ३.४८ च्या आसपासच अडकते. मात्र अर्जात वर्षनिहाय जीपीए आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांचा वेगळा जीपीएही येत असल्याने चढता आलेख प्रवेश समितीच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे जुना ‘सी’ गिरवत बसण्यापेक्षा जैवरसायनशास्त्रासारख्या पुढच्या विषयात ‘ए’ मिळवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते (‘डी’ असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी विषय पुन्हा घेण्यावाचून गत्यंतर नाही).