मदत हवी आहे: वर्दळीचे आकडे आणि कोविडचे रुग्ण जुळत नाहीत

घाटमाथा:
पुणे जिल्ह्यासाठी गूगलच्या मोबिलिटी रिपोर्टची (कोविडकाळात लोकांची वर्दळ नेहमीपेक्षा किती टक्के कमी-जास्त होती, हे सांगणारा अहवाल) सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची फाइल, उतरवली आहे. ठिकाणांच्या प्रकारांनुसार असलेल्या सहाही रकान्यांची सरासरी काढून ती रोजच्या नव्या रुग्णांशी ताडली. रिकाम्या जागी ० भरला. एप्रिल ते सप्टेंबर २०२० सहसंबंध धन येतो (दोन्ही एकत्र वाढतात), पुढे जानेवारीपर्यंत चक्क ऋण (एक वाढलं की दुसरं घटतं). कुठे चुकतंय?

लघुगणक:
तीन ठिकाणी. पहिलं, ती सरासरी मोडा. पाच रकाने लोकांच्या ये-जा करण्यातला फरक सांगतात, ‘निवासी’ रकाना घरात घालवलेल्या वेळातला. दिवसाचे तास २४च, त्यामुळे तिथला +२० टक्के हा प्रचंड बदल असतो. शिवाय बाहेरची वर्दळ घटली की तो वाढतो, म्हणजे सरासरीत एकमेकांना खातात. ‘कामाची ठिकाणं’ आणि ‘प्रवासाची स्थानकं’ वेगवेगळी घ्या. उद्यानांचा रकाना पुण्याच्या पावसाळ्यात बिनकामाचा.

दुसरं, रिकामी जागा रिकामीच ठेवा. ० म्हणजे ‘नेहमीइतकी वर्दळ’, आणि ही नेहमी म्हणजे ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० मधल्या त्या-त्या वाराचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा). ऐन टाळेबंदीत असे शून्य पेरले तर आलेखाचं वाटोळं. वाराचा मध्यक वेगळा असल्यामुळे रविवारचा −३० आणि सोमवारचा −३० एक नव्हेत. आधी ७ दिवसांची चल सरासरी (दर दिवशी सरकत्या ७ दिवसांची) काढा.

तिसरं, आणि खरी गोम इथेच आहे: वर्दळ रुग्णांची संख्या ठरवत नाही, ती वाढण्याचा वेग बदलते. ७ दिवसांच्या रुग्णांची बेरीज आधीच्या ७ दिवसांच्या बेरजेने भागा, नैसर्गिक लॉग घ्या, ७ने भागा. हा रोजचा वाढदर. तो शून्याखाली गेला की साथ ओसरतेय.

घाटमाथा:
आणि वर्दळ बदलल्यापासून रुग्णांत फरक दिसेपर्यंतचं अंतर किती दिवसांचं धरू?

लघुगणक:
लागण ते लक्षणं साधारण ५ दिवस, मग चाचणी, अहवाल, नोंद. ७ ते २१ दिवस सगळे तपासा. पण सर्वांत देखणा सहसंबंध देणारं अंतर उचलून मोकळे होऊ नका. अर्ध्या कालावधीवर ठरवा, उरलेल्या अर्ध्यावर पडताळा.

चौकट:
भर घालतो. ऑक्टोबरनंतरचं ऋण निव्वळ गणिताची चूक नाही. तोवर बऱ्याच जणांना लागण होऊन गेली होती, मास्क रुळले होते. तेवढ्याच वर्दळीत प्रसार कमी. २०२१च्या वसंतात डेल्टाने ते पुन्हा फिरवलं. त्यामुळे दोन लाटांना एकच रेषा बसवू नका. आणि हे आकडे फोनमध्ये लोकेशन हिस्टरी (कुठे-कुठे गेलो याची गूगलकडची नोंद) चालू ठेवणाऱ्यांचेच. साध्या फोनवाले यात नाहीत.