तीन चाकांची गाडी, हवेची चाकं की फोमची? मदत हवी आहे, जरा लवकर

वडगावची_लेक
नमस्कार. तीन चाकांची गाडी घ्यायची आहे. बेळगावात खडेबाजारात दोन बघून आले. एकीची चाकं हवेची, दुसरीची फोमची. हवेची साडेचार हजारांनी महाग. दुकानदार म्हणतो दोन्ही चांगल्या, मग फरक कशाचा ते सांगत नाही. चारचाकी नको. जावेची जुनी चारचाकी वापरून बघितली, पंधरा दिवसांत पुढचं चाक निखळून हातात आलं. १ तारखेच्या आत घरात पाहिजे. ऑनलाइन लिंका टाकू नका, सगळ्या बघून झाल्यात. कुठली घेऊ एवढंच सांगा.

नाना_खानापूर
ताई, बाजारातली प्लास्टिकची घेऊच नका. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी पांगुळगाडा मिळतो, तीन चाकांचा. आमच्या चारही नातवंडांनी एकाच पांगुळगाड्याला धरून पहिलं पाऊल टाकलं. रंग गेला, खरं गाडा अजून माळ्यावर शाबूत आहे. आंबोलीमार्गे सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी.

दोन_पोरांची_आई
नाना, मला वाटतं त्या बाबागाडी विचारतायत, पांगुळगाडा नाही. ताई, तुम्ही कुठं लिहिलंच नाही. बाळ बसवून ढकलायची का पायडलची? बाळ केवढं आहे?

वडगावची_लेक
बाबागाडी ओ! बाळाला ठेवून ढकलायची. फोमचं टायर कोण विचारेल पायडलच्या गाडीला?

टिळकवाडी_धावपटू
मग डोळे झाकून हवेची घ्या. मी रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मुलीला घेऊन पळतो. तीनचाकीचा जन्मच पळण्यासाठी झाला. १९८४ मध्ये अमेरिकेत एका धावणाऱ्या बापाने सायकलची चाकं लावून पहिली बनवली, तिथून ही जात आली. पळताना पुढचं चाक लॉक करायचं, नाहीतर ते खडखड हलतं आणि वेगात गाडी भलतीकडे वळते. हाताला पट्टा बांधायचा. एकदा सवय झाली की चारचाकीला हात लावणार नाही तुम्ही.

दोन_पोरांची_आई
त्यांना पळायचं आहे असं कुठं म्हणाल्या? ताई, वय सांगा ना बाळाचं. त्यावर सगळं आहे.

निपाणी_बाजू
फोम घ्या. आमच्याकडं हवेची होती, बांधावरच्या बाभळीनं महिन्याला एक पंक्चर. बाळ गाडीत रडतंय, वर ऊन, आणि मी एका हातानं गाडी उचलून घराकडं. परत नाही ते नशिबी. फोमला काटा रुतला तर चिमट्यानं काढायचा आणि चालायला लागायचं.

सायकल_दुरुस्ती_शहापूर
निपाणीवाल्या ताईंचा अनुभव खरा आहे, खरं हवेच्या चाकाला त्यावरून बाद करू नका. पंचवीस वर्षं हातात हेच काम आहे म्हणून सांगतो.

पंक्चरचं दुखणं पंक्चरमुळं होत नाही, ट्यूब मिळत नाही म्हणून होतं. दुकानात जाल तेव्हा टायरच्या कडेवर बोट फिरवून नंबर वाचा, उठावाचा असतो. १२½ × २¼ असेल तर चिंता नाही, तेच माप लहान पोरांच्या बारा इंची सायकलला येतं, कुठल्याही सायकलच्या दुकानात ट्यूब मिळेल. दुसरं काही विचित्र माप असेल तर दुकानदाराकडून त्याच दिवशी दोन ट्यूबा जादा घ्या.

मग व्हॉल्व्ह बघा. आपल्या साध्या सायकलचा पंप आणि बाबागाडीचा व्हॉल्व्ह जुळत नाहीत. बाबागाडीला बहुतेक मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो. चाक लहान म्हणून आतली जागा कमी, पंपाचं तोंड स्पोकांत अडकतं. म्हणून वाकडा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब बघा. पेट्रोल पंपावरच्या मशीननं हवा भरू नका, एवढ्या छोट्या ट्यूबला दोन सेकंदांत फुगवून फोडेल. हातपंप, आणि कडेवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नाही.

फोमचं चाक मरत नाही, खरं खडीवर सगळा हादरा वर पाठवतं. हवा तो खाते. बाळ लहान असेल तर हा फरक मोठा. रस्ता कसला आहे तुमचा?

वडगावची_लेक
येळ्ळूर रोडकडं. अर्धा डांबरी, पुढं शिवारातून कच्चा, सव्वा किलोमीटर. पावसात काळी माती. बाळ साडेपाच महिन्यांचं.

दोन_पोरांची_आई
साडेपाच! ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. धावपटू दादांचा सल्ला मग बाजूला ठेवा. बाळ स्वतःहून बसायला लागेपर्यंत उभ्या पाठीच्या सीटवर बसवायचं नाही, तोवर पाठ त्याला नीट सावरता येत नाही. गाडीची पाठ पूर्ण आडवी होते का हे दुकानात स्वतः करून बघा. "रिक्लाइन" लिहिलेलं असतं आणि निम्म्यावर थांबते. पळणं तर बाळ सहा महिन्यांच्या पुढं गेल्यावर, चांगलं बसता आल्यावर, तेही डॉक्टरना विचारून.

टिळकवाडी_धावपटू
मान्य. माझी मुलगी दहा महिन्यांची झाल्यावर मी सुरू केलं होतं. वय कळलं असतं तर मी असं लिहिलंच नसतं. तरी एक सांगतो, त्या कच्च्या रस्त्याला तीन चाकंच बरी. एकच चाक पुढं असलं की खड्डा चुकवता येतो.

चंदगडी
सव्वा किलोमीटरला एवढी गाडी कशाला? बसनं जा की. तुमच्याकडं कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बाईमाणसाला बस फुकट. आमच्या महाराष्ट्राच्या एसटीत आम्हाला निम्मं तिकीट द्यावं लागतं.

निपाणी_बाजू
फुकट आहे, खरं गर्दीत बाळ घेऊन चढून बघा. कंडक्टर "पुढं सरका" म्हणतो आणि बाळाची टोपी मागच्याच्या पिशवीत. आणि त्या शिवारात कुठली बस जाते?

चंदगडी
एवढंच म्हणायलोय की चार पायऱ्या चढणं बाबागाडी उचलण्यापेक्षा सोपं.

आजी_शहापूर
आम्ही लेकरं कडेवरच वाढवली. नाहीतर लुगड्याची झोळी. गाडीत ठेवलेलं मूल आईच्या अंगाला लागत नाही. पोरीनं थोडी कंबर दुखवली तर काय झालं?

दोन_पोरांची_आई
आजी, तुमचं प्रेम कळतं. कडेवर घ्यायचंच, घरात दिवसभर तेच चालू असतं. खरं सव्वा किलोमीटर रोज, तेही दोन वेळा? ताई, एक विचारू, रोज एवढं जाताय कुठं?

वडगावची_लेक
मी ढकलणार नाहीये. माझी आई ढकलणार. माझी रजा, सव्वीस आठवड्यांची, ३१ तारखेला संपते. मी कॅम्पात कामाला. बाळ दिवसभर आईकडं. आई सकाळी इथं येऊन नेणार, संध्याकाळी आणून देणार. तिचं वय एकसष्ट, उजवा गुडघा दुखतो. उंची चार फूट अकरा. कडेवर तिला झेपत नाही आणि ती तसं म्हणणार नाही, न सांगता उचलून निघेल, म्हणून मला गाडी पाहिजे. हेच मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरतेय.

सायकल_दुरुस्ती_शहापूर
मग प्रश्न हवा की फोम हा दुसरा. पहिला, आईंना चालते का. त्यांना दुकानात घेऊन जा, तुम्ही एकट्या ठरवू नका. हँडल वर-खाली होतं का बघा. उंचावर असलं तर खांदे वर करून ढकलावं लागतं. गाडीत पाच किलो तांदळाची पिशवी, दोन किलो साखर ठेवा, बाळाच्या वजनाइतकं, आणि दुकानाच्या उंबरठ्यावरून ढकलायला सांगा. पुढचं चाक उचलायला हँडल खाली दाबावं लागतं. ते आईंना एका हातानं जमलं पाहिजे. ब्रेकही बघा, एकाच पायडलनं मागची दोन्ही चाकं धरली पाहिजेत. दोन वेगळे असतील तर एक विसरणार.

आणि हँडलला पिशवी लटकवू नका म्हणून सांगा त्यांना. भाजी घेऊन येणार, बाळ उचलणार, गाडी मागं उलटणार. माझ्यासमोर झालंय. खालच्या टोपलीत ठेवा.

निपाणी_बाजू
तरी फोम. आईंना हातपंपानं हवा भरायला लावणार का?

सायकल_दुरुस्ती_शहापूर
लेक आहे की शनिवारी भरायला. काळी माती म्हणाल्यात, ती ऐका. ती ओली असली की मागच्या चाकावर पोळीसारखी चढते, आधी बारीक, मग बोटभर, मग चाक आणि फ्रेमच्या फटीत बसून चाक थांबतं. फट किती आहे ते बघा, निदान दोन बोटं. फटीच्या बाबतीत हवा नि फोम सारखेच. हवेचं चाक रुंद म्हणून चिखलात कमी बुडतं, तेवढाच फायदा. पावसात तो अर्धा रस्ता टाळता येत असेल तर टाळा. बाबागाडी चिखलासाठी नाही.

माजी_कारकून_अनगोळ
सुरक्षेचं प्रमाणपत्रही बघा. युरोपात बाबागाडीला ईएन १८८८ हे मानक आहे. लेबलवर ते छापलेलं असलं तर बरं. पट्टे पाच टोकांचे हवेत: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून.

नाना_खानापूर
मी पांगुळगाडा पुन्हा सुचवत नाही. खरं आत्ताच सांगून ठेवतो, बाळ उभं राहायला लागलं की चाकांचा गोल वॉकर घेऊ नका. कॅनडानं २००४ पासून विकायलाच बंदी घातली आहे, पोरं पायऱ्यांवरून पडतात म्हणून. पांगुळगाड्यात पोर स्वतः उभं राहून ढकलतं, त्यात बसत नाही.

दोन_पोरांची_आई
हे नाना बरोबर बोलले. ताई, उन्हाचं लक्षात ठेवा. वरून ओढणी टाकून झाकू नका, आतली हवा कोंडून गरम होते आणि बाळाचा चेहराही दिसत नाही. छत्री लावा. पावसाचं प्लास्टिक घेताना त्याला बाजूनं हवेची भोकं आहेत का बघा. आईंना दोन्ही सांगा, त्या प्रेमानंच झाकायला जातील.

वडगावची_लेक
आईला घेऊन जाते उद्या. संध्याकाळी सांगते.

वडगावची_लेक
जाऊन आले. आईनं आधी "मला कशाला दाखवतेस" म्हटलं. तांदळाची पिशवी ठेवून ढकलायला लावलं तेव्हा गप्प झाली. फोमची गाडी उंबरठ्यावर अडली, तिनं गुडघा वाकवून रेटली आणि चेहऱ्यावर दुखल्याचं दिसलं. तिनं सांगितलं नाही, मी बघितलं. हवेच्या गाडीचं हँडल खाली दाबलं की पुढचं चाक अलगद उचललं गेलं, मागची मोठी चाकं म्हणून असेल. हँडलही तिच्या कमरेपर्यंत खाली येतं. पाठ पूर्ण आडवी होते, मी स्वतः करून बघितली. दोन्ही चाकांना एकच ब्रेक. मातीसाठी फट मोजली, दोन बोटं बसली. लेबलवर ईएन १८८८ आहे. घेतली.

एकच अडचण. गाडी चौदा किलोची आहे. आईच्या घराला चार पायऱ्या, शेजारच्यांनी बाजूला दोन फळ्या टाकल्यात मोटरसायकल चढवायला.

सायकल_दुरुस्ती_शहापूर
फळ्या दोन आणि चाकं तीन, ताई. पुढचं चाक मधल्या फटीत पडेल. ती फट एका रुंद फळीनं बुजवा नाहीतर प्लायवूडचा पूर्ण पत्रा टाका, दोन्ही बाजूंना काठ लावून. तोवर बाळ आधी काढून आत न्यायचं, मग गाडी उलटी, मागची चाकं पुढं करून ओढायची.

वडगावची_लेक
सुताराला उद्या बोलावते. आईला सांगितलंय, बाळ आधी. पावसात शिवारातून नाही, मोठ्या रस्त्यानं. तिला पटलं, फक्त म्हणाली की मोठ्या रस्त्यानं जायला अर्धा तास आधी निघावं लागेल.

सायकल_दुरुस्ती_शहापूर
टायरचा नंबर वाचलात का?

वडगावची_लेक
१२½ × २¼. व्हॉल्व्ह वाकडा. दोन ट्यूबा जादा घेतल्या, पंपही. नंबर लिहून आईच्या फ्रिजवर चिकटवलाय.