पॅसेजच्या दिव्याचं बटण तिसऱ्यांदा जळलं

प्रश्न
आठ महिन्यांत तिसरं बटण गेलं. दिवा साधा ९ वॅटचा एलईडी. आधी दोन-चार दिवस बटण दाबलं की बारीक चरचर ऐकू येते, दिवा फडफडतो आणि मग लागतच नाही. काल बटण काढलं तर एकाच स्क्रूजवळचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, दुसरी बाजू कोरी. रात्री आई त्याच पॅसेजमधून जाते, म्हणून पुन्हा नुसतं बटण बदलायला मन धजत नाही. काय तपासू?

प्रतिसाद १
भिंतीला ओल आहे का? आमच्याकडे पाणी झिरपून बोर्ड खराब झाला होता.

प्रतिसाद २
ओलीने एकाच स्क्रूजवळचं प्लास्टिक असं वितळत नाही. ९ वॅटचा दिवा ०.१ अँपिअरसुद्धा घेत नाही, आणि बटण ६ अँपिअरचं असतं. जळलेल्या स्क्रूखाली वायरी किती? शेजारी प्लग आहे?

प्रश्नकर्ता
दोन वायरी. दुसरी तिथूनच शेजारच्या प्लगच्या बटणाला गेली आहे. त्यावर इस्त्री लावतो. आता आठवतंय, दिवा बंद असतानाही इस्त्री चालू असली की हे बटण कोमट लागायचं.

प्रतिसाद २
मग दोष तिथेच. फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, एका बटणावरून पुढच्यावर लूप केलेली (तिथूनच पुढे जोडलेली) असते. १००० वॅटच्या इस्त्रीचा चारेक अँपिअर करंट तुमच्या दिव्याच्या स्क्रूखालून जातो. स्क्रू ढिला असला की तिथे तापतं, तांबं काळं पडतं, त्याने आणखी तापतं. तीच काळी टोकं नव्या बटणात घातली की तेही जातं. हे नीट होईपर्यंत प्लग वापरू नका.

मेन स्विच बंद करा. टेस्टर आधी दुसरीकडे चालू फेजवर लावून बघितलेला असू द्या, मगच इथल्या प्रत्येक स्क्रूला लावा. काळं टोक कापून चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोला, दोन्ही टोकं एकत्र पिळा, स्क्रू आवळा आणि एकेक वायर ओढून बघा. इन्सुलेशन आतपर्यंत कडक झालं असेल तर हात लावू नका, वायरमनच हवा.

प्रश्नकर्ता
इन्सुलेशन मऊच होतं, म्हणून स्वतः केलं. एका वायरीचं टोक पुरेसं सोललेलंच नव्हतं, स्क्रू प्लास्टिकवर आवळलेला होता! नवं बटण बसवून अर्धा तास इस्त्री चालवली, बटण गार आहे. प्लगच्या बटणाचा स्क्रूही अर्धा फेरा फिरला, तोही घट्ट केला.