विषय: पेडल स्टील गिटारच्या सुट्या भागांवर खुणा – कुठे, कशाने, कशा

प्रेषक: रंगमंच समिती

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमात या वर्षी वाद्यवृंदात पेडल स्टील गिटार आहे. नाटक संपल्यावर पडदा पुन्हा उघडेपर्यंत आपल्याकडे १५ मिनिटं असतात आणि तेवढ्यात स्वयंसेवकांनी ती केसमधून काढून उभी करायची आहे. आपल्या लोकांना हवाईन गिटार माहीत आहे: मांडीवर किंवा स्टँडवर ठेवली, वायर लावली की झालं. इथे मात्र चार पाय, पेडल-बार (पेडल ज्यावर बसतात ती आडवी दांडी), पेडलचे तीन रॉड, व्हॉल्यूम पेडल आणि दोन वायरी अशी सगळी जुळणी आहे. प्रत्येक भागावर कागदी स्टिकर लावून मार्करने ‘डावा पुढचा’, ‘ए पेडल’ असं लिहावं, असा विचार आहे. जाणकारांनी सुचवावं.

---

प्रेषक: वाद्यवृंद, स्टील गिटार

ताई,

खुणा जरूर करा, पण कागदी स्टिकर नको आणि ‘डावा-उजवा’ तर अजिबात नको. पाय बसवताना गिटार केसमध्ये उलटी, पोट वर करून असते. स्वयंसेवक कोणत्या बाजूला उभा आहे त्यावर त्याचं डावं-उजवं ठरतं आणि वादकाचं पुढचं-मागचं तर उलटलेलंच असतं. उलटली तरी न बदलणारी खूण एकच, ती म्हणजे खुंट्यांचं टोक, की-हेड. म्हणून नावं अशी ठेवा: ‘खुंटी-पुढे’, ‘खुंटी-मागे’, ‘चेंजर-पुढे’, ‘चेंजर-मागे’. चेंजर म्हणजे खुंट्यांच्या विरुद्ध टोकाची, तारा ओढून स्वर बदलणारी यंत्रणा. पुढे म्हणजे प्रेक्षकांकडे. पेडल-बार पुढच्याच दोन पायांना लागतो, त्यामुळे या जोडीत चूक झाली तर सगळं पुन्हा सोडावं लागतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खूण जोडीनं करा. फक्त पायावर केलेली खूण निम्मीच कामाची. पायाच्या वरच्या टोकाला जो रंग, तोच ठिपका गिटारच्या पोटावर त्या पायाच्या भोकाशेजारी. मग वाचायची गरजच उरत नाही, रंगाला रंग लावायचा. चारही पाय दिसायला सारखे असले तरी खालचा सरकता भाग प्रत्येकाचा वेगळा लावलेला असू शकतो. अदलाबदल झाली की गिटार डुगडुगते. सरकत्या भागाच्या ठरलेल्या उंचीवर बारीक रेघ मारून ठेवा, म्हणजे कॉलर (तो भाग आवळून धरणारी कडी) सैल झाली तर लगेच दिसेल.

पाय आवळताना: आधी उलट्या दिशेला हलकेच फिरवा. आट्यात आटा बसल्याचं ‘टक्’ हाताला जाणवतं, तिथून सुलट फिरवा. पहिले दोन-तीन वेढे बोटांनीच गेले पाहिजेत. जोर लागत असेल तर आटा तिरका गेला आहे, लगेच सोडा. मऊ धातूतले आटे एकदा मेले की कार्यक्रमाच्या दिवशी त्यावर उपाय नाही.

आता रॉड. गोंधळ सर्वात जास्त इथेच होतो. पेडल दाबलं की रॉड पोटाखालचा आडवा शाफ्ट (दांडा) फिरवतो आणि तारेचा स्वर चढतो. हे शाफ्ट वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून तिन्ही रॉडची लांबी थोडी वेगळी असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळतो. लांब रॉड चुकीच्या पेडलला लागला की पेडल खाली लोंबतं आणि शाफ्टचा अडसर लागण्याआधीच जमिनीला टेकतं. मग स्वर पूर्ण चढत नाही. आखूड रॉड लागला तर पेडल उंच राहतं आणि नुसता पाय टेकवला तरी तार अर्धवट चढते.

रॉडवर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या) नळीचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे चढवा: पहिल्यावर एक पट्टा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. पट्टे फक्त वरच्या टोकाला असावेत. त्यामुळे रॉड कोणत्या बाजूने वर, हेही कळतं आणि खाली बुटाने घासून ते निघतही नाहीत. टोकाची जोडणी जाड असेल तर नळी चढवायला ती काढावी लागेल. काढताना किती वेढे सुटले ते मोजा आणि तितकेच परत घाला, नाहीतर लांबी बदलेल. लांबी पक्की झाली की लॉकनट आणि आटे यांच्यावरून नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट सरकला.

क्रम: उलट्या गिटारला चार पाय, मग पेडल-बार. त्यानंतर दोघांनी धरून ती उभी करायची, गुडघ्याचे लिव्हर (वादक गुडघ्याने ढकलतो त्या दांड्या) खाली उघडायचे आणि रॉड सर्वात शेवटी. रॉड आधी अडकवले तर उलटवताना पेडल मागे पडतात आणि रॉड वाकतात.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

दादांचं पट्टे मोजण्याचं सुचवणं रंगांपेक्षा बरं, आणि त्याला आमच्या बाजूनेही कारण आहे. बदलाच्या वेळी स्टेजवर फक्त निळा दिवा असतो. निळ्या प्रकाशात लाल टेप काळी दिसते, हिरवीही फार वेगळी दिसत नाही. शिवाय काहींना लाल-हिरवा फरक मुळातच कळत नाही. तेव्हा पायांनाही रंगाबरोबर पट्टे द्या, १ ते ४. टेप पांढरी असली तर अंधारात उठून दिसते.

साधी इन्सुलेशन टेप पायावर चालेल, पण उन्हात गाडीत राहिली की तिचा चिकट रस होतो आणि खूण खाली घसरते. केसमध्ये कायम ठेवायची असेल तर कापडी टेप घ्या. गिटारच्या पॉलिशवर मात्र कोणतीच टेप नको. भोकाशेजारच्या धातूच्या पट्टीवर रंगाचा ठिपका पुरे.

वायरी दोन आहेत: गिटार ते व्हॉल्यूम पेडल, आणि व्हॉल्यूम पेडल ते अ‍ॅम्प. पहिलीच्या दोन्ही टोकांना एक पट्टा, दुसरीच्या दोन्ही टोकांना दोन, आणि पेडलच्या ‘इन’जवळ एक, ‘आउट’जवळ दोन. साध्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रोधाच्या) पेडलला इन-आउट उलट झालं तरी आवाज येतोच, म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही. पण पेडल मधे असताना वरचे स्वर मंद होतात आणि चढउतार एकसारखा राहत नाही. मग सगळे मिक्सरमध्ये दोष शोधत बसतात.

---

प्रेषक: रंगमंच समिती

दोघांचेही आभार. दोन शंका. पेडलना ए-बी-सी ही नावं असताना १-२-३ कशाला? आणि तार तुटली तर स्वयंसेवकाने बदलायची का? पाकिटांवर फक्त जाडी छापलेली आहे.

---

प्रेषक: वाद्यवृंद, स्टील गिटार

ताई,

ए, बी, सी ही कामाची नावं आहेत, जागेची नाहीत. ई-नाइन ट्यूनिंगमध्ये (तारा सुरात लावायच्या नेहमीच्या पद्धतीत) ए पेडल ५ व १० नंबरच्या तारा बी वरून सी शार्पवर नेतं. बी पेडल ३ व ६ नंबरच्या जी शार्पवरून एवर, आणि सी पेडल ४ नंबरची ई वरून एफ शार्पवर व ५ नंबरची बी वरून सी शार्पवर. स्टील गिटारवादक बडी एमन्स यांच्या नावाच्या मांडणीत डावीकडून ए-बी-सी येतात, जिमी डे यांच्या नावाच्या मांडणीत सी-बी-ए. ‘ए’ लिहिलेला रॉड कुठे लावायचा हे त्या वादकाची मांडणी माहीत असल्याशिवाय कळत नाही. १ म्हणजे बसलेल्या वादकाचं सर्वात डावं पेडल, म्हणजे खुंट्यांकडचं. दोन नेकच्या (तारांचे दोन संच असलेल्या) वाद्यावर तर दुसऱ्या नेकच्या पेडलना आकडेच चालतात. अक्षरं वादकाच्या कार्डावर असू द्या.

तारा बदलायचं काम माझं. पण पाकिटांवर मोठ्या अक्षरात तारेचा नंबर लिहून ठेवाच, कारण जाडीच्या क्रमाने लावल्या तर हमखास चुकतं. इथे तारा स्वरांच्या उतरत्या क्रमाने नाहीत. नेहमीच्या संचात पहिली .०१३, दुसरी .०१५ आणि तिसरी .०११. सर्वात बारीक तार तिसरी आहे. ती जी शार्पला ताणलेली असते आणि बी पेडलने आणखी चढते, म्हणून तुटते ती बहुधा हीच. तिची दोन पाकिटं केसच्या झाकणात वेगळी ठेवा. वादकासमोर १० नंबर सर्वात जवळ, १ नंबर सर्वात लांब.

चेंजरच्या टोकाला भोकांतून दिसणारे नायलॉनचे नट स्वयंसेवकांनी फिरवू नयेत. प्रत्येक नट एका तारेचा एक बदल सुरात आणतो. तिथे फक्त ‘हात लावू नये’ एवढी खूण करा. माझ्यासाठी मी भोकांचा नकाशा कार्डावर काढून ठेवतो: दहा तारांचे दहा स्तंभ, आणि ज्या भोकात नट आहे तिथे पेडलचा आकडा किंवा लिव्हरचं नाव. नटाच्या षटकोनावर रंग मात्र लावू नका, पाना नीट बसत नाही.

गुडघ्याचे लिव्हर गिटारलाच असतात, फक्त दुमडलेले. ते किती आहेत तो आकडा पोटावर लिहा, म्हणजे उघडताना एखादा राहून जाणार नाही.

जुळणी झाली की तपासणी अशी. आधी प्रत्येक पेडल हाताने खाली दाबून सोडा. ते अडकता कामा नये. मग तळहात पेडलखाली सरकवून पेडल पूर्ण दाबा. अडसर लागल्यावरही हात चेपला जाऊ नये, इतकी जागा जमिनीपर्यंत हवी. ती नसेल तर रॉडचे पट्टे पुन्हा मोजा. पट्टे बरोबर असतील तर पेडल-बार पायांवर ठरलेल्या उंचीवर नाही किंवा तिरका आवळला गेला आहे. स्टेजवर गालिचा असेल तर ही तपासणी गालिच्यावरच करा, कारण पाय रुततात आणि पेडल जमिनीच्या आणखी जवळ येतात. हे सगळं ठीक असूनही एखादा स्वर उतरलेला वाटला, तर मला हाक मारा. तो नटाचा प्रश्न असतो.