ओट आणि बार्ली एकत्र पेरली तर चारा खरंच वाढतो का?

प्रश्न: आत्तापर्यंत नुसता ओट लावायचो, यंदा त्यात बार्ली मिसळायचा विचार आहे, मुरघासच (हिरवा चारा कुट्टी करून हवाबंद मुरवलेला) करायचाय. फायदा होतो का उगाच डोक्याला ताप?

गोठेवाला: होतो पण दरवेळी नाही हां. बार्ली आधी निसवते म्हणजे तिचं कणीस आधी बाहेर पडतं, ओट मागे राहतो, म्हणून पक्वता जुळणारे वाण घ्या नाहीतर एक कडक होतं नि दुसरं कोवळं. आणि बार्ली बिनकुसळाची बघा, कुसळं जनावरांच्या तोंडात टोचतात.

हिरवारान: दोन्ही तृणधान्यंच, त्यामुळे प्रोटीन फार वाढणार नाही. त्यासाठी वाटाणा टाका, तो दोऱ्यासारख्या ताण्यांनी ओटाला धरून चढतो, मस्त दिसतं! पण जास्त झाला की सगळं पीक लोळतं, मी एकदा आडवं पडलेलं कापलंय, निम्मी माती आली.

गोठेवाला: कापणीची वेळ मिश्रणापेक्षा महत्त्वाची. पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, कापलं तर प्रोटीन जास्त, वजन कमी. दाणा चिकातून घट्ट व्हायला लागला की वजन आणि स्टार्च मिळतो. मुरघासाला ओलावा ६५ ते ७० टक्के, कुट्टी मुठीत दाबून पाणी गळलं तर थोडं सुकू द्या.

प्रश्नकर्ता: म्हणजे ओट, बार्ली आणि थोडा वाटाणा. आधी एका तुकड्यातच करून बघतो.