ॲपवाल्या कंपन्यांना बँकच का व्हायचंय?

रावपुरा_स्टेशनरी :
बडोदेकर मंडळी, क्यूआर कोड चिकटवणाऱ्या आणि ॲपवर कर्ज देणाऱ्या कंपन्यांना आता बँक व्हायचंय. ॲपवर कर्ज देणारी स्लाइस 2024 मध्ये नॉर्थ ईस्ट स्मॉल फायनान्स बँकेत (म्हणजे ठेवी घेऊन मुख्यतः छोटी कर्जं देणाऱ्या बँकेत) विलीन झाली. त्याआधी क्यूआर कोडवाल्या भारतपेने सेंट्रम या वित्त कंपनीबरोबर युनिटी स्मॉल फायनान्स बँक काढली आणि 2022 मध्ये डबघाईला आलेली पीएमसी ही सहकारी बँक तिच्यात सामावली. माझ्या मते हे चांगलंच आहे, कारण मी चटका खाल्लाय.

माझ्याकडे एका ॲपचं उधारीवर चालणारं प्रीपेड कार्ड होतं: ॲप त्यात कर्जाचे पैसे भरायचं, मी ते खर्च करायचो. जून 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने वॉलेट आणि प्रीपेड कार्डात कर्जाचे पैसे भरायला मनाई केली. नुकत्याच शाळा उघडलेल्या, वह्यांचा टेंपो दारात, हमाल गठ्ठे उतरवतोय आणि कार्ड चालेना! शेवटी शेजारच्या दुकानातून उसने आणून टेंपोवाल्याला दिले. ॲपवाले म्हणाले, कार्ड काढणाऱ्या बँकेला विचारा. बँक म्हणाली, ॲपशी बोला. दोघं एकच असते तर मी कुणाचा गळा धरायचा ते तरी कळलं असतं.

निवृत्त_कॅशियर :
दादा, त्रास खरा, पण तुमची सोय व्हावी म्हणून या कंपन्या बँकेचं लायसन मागत नाहीत. त्यांना ठेवी हव्यात. यूपीआयवर 2020 पासून दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, मग कमाई कर्जातूनच करायची. कर्जाला पैसा दुसऱ्याकडून उचलायचा, समजा बारा टक्क्यांनी. आपल्या बचत खात्यावर मोठ्या बँका जेमतेम अडीच-तीन टक्के देतात. सगळी धडपड त्या फरकासाठी आहे.

आणि लायसन आलं म्हणजे पैसा सुरक्षित, हे मला पटत नाही. मी एकतीस वर्षं काउंटरवर काढली. एका सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध आले तेव्हा तिथले खातेदार पासबुक घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. "ताई, तुमच्याकडे तरी बरं आहे ना?" पासबुकात शिल्लक छापलेली, पण घरी मुलीचं लग्न आणि हातात रुपया नाही. लायसन त्या बँकेकडेही होतंच की. पेटीएम पेमेंट्स बँकेकडेही होतं, तरी 15 मार्च 2024 नंतर तिला नव्या ठेवी घेता आल्या नाहीत.

रावपुरा_स्टेशनरी :
ताई, पेमेंट्स बँकेची गोष्ट वेगळी. तिला कर्ज देताच येत नाही आणि एका ग्राहकाची दोन लाखांवर शिल्लक ठेवता येत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात होती म्हणूनच ती रोखली गेली ना?

बँक असेल तर पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. वॉलेटमधल्या पैशाला ते नाही. अमेरिकेत 2024 मध्ये सिनॅप्स नावाची, ॲप आणि बँका यांच्या मधली कंपनी दिवाळखोरीत गेली. बँका शाबूत होत्या, पण कुणाचे किती पैसे याचा हिशेबच जुळेना. बँक बुडाली नव्हती, म्हणून विमाही नाही. लोक महिनोन्‌महिने अडकले.

वाडीकर_सीए :
थोडं आपल्या बडोद्यातल्या मांडवीकडे बघा. सयाजीराव महाराजांनी 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा काढली. बँक म्हणजे शेवटी एकाच्या ठेवीतून दुसऱ्याला कर्ज, म्हणून ॲपवाले कुणाचा पैसा कुणाला देणार, हे मी आधी बघेन. स्मॉल फायनान्स बँकेला नियमाने किमान निम्मी कर्जं पंचवीस लाखांच्या आतलीच द्यावी लागतात. छोट्या दुकानदाराला त्यात खरी जागा आहे. फक्त मोबाइल घ्यायला हप्ते वाटले, तर मी ताईंच्या बाजूचा.

निवृत्त_कॅशियर :
सिनॅप्सचा मुद्दा मान्य. बँक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये तिसरा नसलेला बरा. पण विमा मिळतो तो निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत. लग्न तोवर थांबत नाही. आणि पाच लाखांत मुद्दल-व्याज दोन्ही आलं, एका बँकेतली सगळी खाती मिळून. माझी मुदत ठेव मी हलवणार नाही.

रावपुरा_स्टेशनरी :
पटलं. पाच लाखांच्या बऱ्याच खाली एक खातं उघडून बघतो. टेंपोवाल्याचे पैसे मात्र जुन्या चालू खात्यातूनच देणार.